कोरड्या नळाचं पाणी

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण नुसती वाचक म्हणून. आणि खरं सांगायचं तर वाचते ती करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा, आरशात दिसलेलं कोणीतरी... वाचायचं, गालातल्या गालात हसायचं आणि भाजी फोडणीला टाकायची. मी बारामतीत ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. शाळाशाळांत जाऊन बुवा-बाबांचे चमत्कार करून दाखवणारी आणि मग त्यातली चलाखी उलगडून सांगणारी मंडळी असतात ना, त्यांच्यातली मी एक. काडी न लावता होम पेटवायचा, पोरांनी तोंडात बोटं घालायची, आणि मग मी बाटल्यांवरची लेबलं वाचून दाखवून त्यांचा सगळा उत्साह घालवायचा, हा माझा आवडता उद्योग.

त्यामुळे मी इथे लिहिणार म्हटल्यावर नवरा म्हणाला, "वैशाली, आतापर्यंत कमावलेली सगळी अब्रू जाईल." जाऊ दे. जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि मला त्याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला झाला तर सांगा, मी आनंदाने ऐकेन. फक्त "पितृदोष आहे, शांत करून घ्या" असं लिहू नका, ब्लॉक करेन.

तर... गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. कारखाने सुरू होते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. माझे वडील, त्यांना सगळे आबाच म्हणतात, ते कळंबला असतात. आपलं वालचंदनगरजवळचं कळंब. वय पंच्याहत्तरीच्या घरात, गळ्यात तुळशीची माळ, ऐकायला जरा कमी येतं आणि न ऐकण्याची इच्छा असली की अजून कमी येतं. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे नानाकाका. दोघांची शेतं बांधाला बांध लागून. आणि दोघांमध्ये माझ्या लहानपणापासून अबोला.

हा अबोला कशावरून, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका उन्हाळ्यात कॅनॉलच्या पाण्याची पाळी आबांची होती आणि पाणी गेलं नानांच्या उसाला. चारीचं, म्हणजे शेतात पाणी सोडणाऱ्या पाटाचं, दार कुणी फिरवलं ते आजवर कुणालाही माहीत नाही. नाना म्हणाले, मी नाही. आबा म्हणाले, तूच. चार शहाणी माणसं बसली, आणि शेवटी प्रकरण गेलं भैरोबाच्या देवळात. आमच्याकडे बेलभंडार उचलतात. बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद देवापुढे हातात घेऊन शपथ घ्यायची. त्यापुढे कोर्ट नाही, कचेरी नाही. नानांनी बेलभंडार उचलला की मी पाण्याला हात लावलेला नाही. तिथेच मिटायला हवं होतं. पण आबांचा राग... ते पुढे झाले, त्यांनी पण बेलभंडार उचलला. दुसरा हात शेजारी उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर ठेवला, आणि म्हणाले, "आजपास्नं ह्याच्या हातचं पानी पिलो, तर ह्या लेकराला..."

पुढचं बोललेच नाहीत. बोलायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळलं. मला एवढंच आठवतं की भंडारा केसांत पडला होता, आणि आई तो धुताना रडत होती.

आई आता नाही. मी आबांची एकुलती एक. मोठी झाले, शिकले, हजारदा सांगितलं, "आबा, शपथेनं कुणाला काही होत नसतं. मी स्वतः सांगते ना, मोडा." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुला न्हाय वाटत, मला वाटतं. आन् नडलं तर तुलाच नडंल. मला नडनार असतं तर कवाच मोडली असती."

माणूस माझ्याच जिवासाठी भावाला पारखा झालेला, आणि मी त्यालाच अडाणी म्हणायचं?

माझ्या लग्नात नाना आले होते. शपथ आबांची होती, नानांची नव्हती. ते हक्काने आले, जेवले. आणि पंगतीत स्वतः पाण्याचा जग घेऊन फिरले. आबांच्या पानापाशी आले की जग उचलून धरायचे आणि पुढच्या पानावर जायचे. आबा मान खाली घालून जेवत राहायचे. मी अंतरपाटाच्या वेळी रडले नाही, ते बघून रडले.

असो. तर हिवाळ्यात नानांच्या पोटात गाठ निघाली आणि त्यांना बारामतीच्या एका दवाखान्यात आणलं. ऑपरेशन मोठं होतं, वय झालेलं, साखर वाढलेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की धोका आहे. आदल्या दिवशी आबा पिशवी घेऊन माझ्या दारात हजर. "डोळं तपासायचं म्हंतो. दिसंना झालंय नीट." मी म्हटलं बरं. डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मघाशीच फाटकातून त्यांनी माझ्या गाडीवरचा नवीन ओरखडा बरोब्बर पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा फोन आला. आबांना ऐकू यावं म्हणून मी स्पीकरवर टाकला. काकी म्हणाल्या, "वैशे, दुपारच्याला घेनार हायती आत. ह्यांचं एकच चाललंय बघ. म्हंत्यात, दादानं एकदा माज्या हातचं पानी प्यावं, मंग मला कुटंबी न्या. तू सांगून बघ गं त्यास्नी. आता न्हाय तर कवा?"

आबांनी ऐकलं. उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. मी रजा टाकलीच होती. म्हटलं, चला, आपण जाऊन बाहेर तरी बसू. गाडीत बसले. पण दवाखान्याचा चौक आला तसे म्हणाले, "थांबू नगं. गाडी म्होरं घे."

"आबा..."

"म्होरं घे म्हनलं ना."

घेतली. इंदापूर रस्त्याला लागले, कुठे जायचं ते न ठरवता. मला रडू येत होतं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. त्यांनी सकाळपासून पोटात काही घेतलं नव्हतं, चहासुद्धा नाही. आणि त्यांना बाहेर खाऊ घालणं म्हणजे दिव्य! माळकरी माणूस, जिथे अंडंसुद्धा शिजतं तिथे पाणी पीत नाही. पिंपळीच्या अलीकडे उसाच्या फडाला लागून एक नवीन इमारत दिसली, काळ्या काचा, वर रंगीत दिवे. तिथला बोर्ड आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर चेष्टेचा विषय झाला होता: शुद्ध शाकाहारी मल्टिक्युझिन पब.

"पब म्हंजी काय?" आबांनी बोर्ड वाचत विचारलं. डोळे अधू झालेल्या माणसाने, हे लक्षात घ्या.

"म्हणजे... मोठ्यानं गाणी लावून जेवायचं."

"भजनी मंडळ व्हय?"

एरवी मी खो खो हसले असते. आत मॅनेजरला विचारलं, दारू असते का? तो आमच्या इंदापूरचाच निघाला. म्हणाला, "लायसन अजून यायचंय ताई. सध्या नुस्ती सरबतं. बिनधास्त बसा, कांदा-लसूण सोडून काही पाप न्हाय हितं." तर अशा रीतीने माझे वडील आयुष्यात पहिल्यांदा पबमध्ये जेवायला बसले.

आत भरदुपारी जांभळा उजेड, छातीत धडधडेल असा स्पीकर, आणि गिऱ्हाईक म्हणाल तर आम्ही आणि कोपऱ्यात एक जोडपं. उंच स्टुलांकडे आबांनी एकदा बघितलं आणि मुकाट्याने सोफ्याकडे वळले. मेनूत मेक्सिकन, थाई, इटालियन, ठेचा पनीर टाको, पिठलं घातलेला पिझ्झा... जे सुचेल ते. आबांनी भाकरी आहे का विचारलं, मॅनेजर म्हणाला तंदुरी रोटी आहे. मी भात, एक थाई करी आणि पनीरची भाजी सांगितली. आबा म्हणाले, "हात धुऊन येतो."

कॉरिडॉर अंधारा होता म्हणून मी सोबत गेले. पुरुषांचं दार दाखवलं आणि बाहेर उभी राहिले. मोबाईल हातात होता, दवाखान्यातून काही येतंय का बघत होते. स्पीकर लांब राहिल्याने तिथे बऱ्यापैकी ऐकू येत होतं. आतून पाण्याचा आवाज आला. नळाचा असतो तसा एकसारखा नाही... कळशीतून ओततात तसा, गुबुक् गुबुक्, मध्येच थांबून, परत. मला काही वाटलं नाही. का वाटावं? मग आबांचा आवाज आला, "बास. बास रं."

तेही मी तेव्हा सोडून दिलं. नंतर लक्षात आलं. आबा परक्या माणसाला, अगदी वेटरलासुद्धा, "अहो" म्हणतात. "रं" म्हणजे फक्त घरातलं माणूस.

दार उघडून आबा बाहेर आले. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, मिशांवरून पाणी गळतंय, सदऱ्याची छाती भिजलेली. चेहऱ्यावर समाधान. मला म्हणाले, "त्यो नळ काय माज्या बाच्याला चालू हुईना. हात फुडं केलं, मागं केलं. मंग आतल्या मानसानं हातावर पानी घातलं. लई गार गं. ओंजळ भरून प्यालो सुदीक. किती दिसांत असलं पानी प्यालो न्हाय."

सेन्सरचा नळ, म्हाताऱ्या हाताला चालला नसेल, सफाईवाल्याने मदत केली असेल. माझा हिशोब झाला. आम्ही येऊन टेबलावर बसतोय तोवर मॅनेजर लगबगीने आला, हातात ओल्या टिश्यूंचं पाकीट. "सॉरी हां ताई, मघाशी सांगायचं राहिलं. सकाळी मोटर जळाली. टाकी कोरडी ठाक पडलीय, नळाला थेंब न्हाय. टँकर सांगितलाय. हात ह्यानं..." आणि तो थांबला. आबांच्या कोपरावरून टेबलावर पाणी ठिबकत होतं.

"आत तुमचा माणूस आहे ना, त्याने घातलं पाणी," मी म्हटलं.

"आत कोन न्हाय ताई. सफाईवाला दुपारनंतर येतो."

मी उठले. तोही आला. पुरुषांच्या बाथरूममध्ये मी बिनदिक्कत शिरले. बेसिन कोरडं. म्हणजे पुसलेलं नाही हो, कोरडं, धूळ बसलेलं. नळाखाली हात धरला, लाल दिवा लागला, पाणी नाही. फ्लशची टाकी उचकटून बघितली, तळाला ओल होती फक्त. फरशीवर थेंब नाही. दोन्ही संडासांची दारं उघडी, आत कुणी नाही. बादली नाही, मग्गा नाही, कळशी तर सोडाच. मागे दार नाही. वर एक्झॉस्ट फॅनचं भोक, त्यातून मांजरही जाणार नाही. आणि या सगळ्या वेळात दारासमोर कोण उभं होतं? मी. माझ्याशिवाय त्या कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं.

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. इतक्या शाळांत मी पोरांना सांगत आले की घाबरायचं नसतं, आधी नीट बघायचं. मी नीट बघितलं होतं.

परत आले तर आबा आपल्या तळहातांकडे बघत बसले होते. तळव्याच्या रेघांत बारीक गाळ बसला होता. कॅनॉलच्या पाण्यात हात घातला की बसतो तसा. बाटलीच्या पाण्यात तो नसतो, हे सांगायला केमिस्ट्री लागत नाही.

"आबा, पाणी घालणारा माणूस कसा होता? तोंड बघितलं का?"

"तोंड कुटलं? वंजळीनं पानी पिताना मान खालीच असती की. पाय दिसलं." असं म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "अनवानी व्हता. घोट्यापतूर चिखूल. आन् उजव्या पायाचा आंगठा..." त्यांनी हाताने तो बाहेरच्या बाजूला वळवून दाखवला.

नानांचा अंगठा तसा आहे. लहानपणी उसाला पाणी द्यायला दारं धरताना कुदळ लागली होती, हाड वाकडं बसलं. आबांनीच त्यांना पाठीवर घालून वैद्याकडे नेलं होतं, ही गोष्ट मी आजीकडून ऐकली होती. आबांच्या तोंडून कधीच नाही.

"मला वाटलं असंल कुनी गडी," आबा म्हणाले. "आन् मी प्यालो गं. प्यालो मी, वैशे."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला आधी वाटलं भावाच्या काळजीने. नाही. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्याकडे.

"तुला बरं वाटतंय नव्हं?"

"मला काय झालंय?"

"चक्कर-बिक्कर? छातीत काय?"

तेवढ्यात जेवण आलं. मी म्हटलं, आबा, उठू आपण. तर म्हणाले, न्हाय, जेव तू. माज्यासमोर जेव. मग मी जेवले. हसू नका... माझ्या जन्मात मी असं जेवलेली नाही. वरून कसलंतरी धांगडधिंगा गाणं, जांभळे दिवे, समोर नारळाच्या दुधातली ती हिरवी करी, आणि माझा बाप माझा एकेक घास घशाखाली जाताना बघतोय. "सावकाश खा. ठसका लागंल. पानी पी मदीमदी." मी शहाणी, चाळिशी उलटलेली बाई, पण त्या वेळी मलाही घास गिळताना भीती वाटली, हे कबूल करते. त्यांच्यासाठी मी सगळं ताट संपवलं. ते स्वतः एक घासही जेवले नाहीत. ताट रिकामं झालं तसा त्यांनी टेबलावरून हात लांब करून माझा हात धरला, आणि कितीतरी वेळ धरून ठेवला.

"काय न्हाय झालं," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग म्हणाले, "चल. दवाखान्यात चल. आन् गाडी दमानं चालव."

दवाखान्यात पोचलो तोवर नानांना आत नेलं होतं. काकी बाकावर बसल्या होत्या. आबांना बघून पदर डोक्यावर घेत उठल्या. आबांसमोर त्या इतक्या वर्षांत फारशा बोललेल्या नव्हत्या. मी काही सांगायच्या आत, हे मी देवाशपथ... बघा, माझ्याही तोंडात शपथच येते... मी एक शब्द बोलायच्या आत काकी आपणहून सांगायला लागल्या.

"आत न्यायच्या आदी गुंगीचं इंजेशन दिलं व्हतं. मी उशाला व्हते. रातच्यापास्नं पानी बंद, व्हट पार वाळल्यालं. आन् गुंगीत काय करावं त्यांनी? दोनी हात असं वर आनलं." काकींनी हवेत कळशी तिरकी धरल्यासारखे हात केले. "असं हळूहळू वाकवत व्हते. मी म्हनलं, अवो, काय करताय? तर म्हनले, दादा, घे आजून. दादा, घे. दोनदा म्हनले. मंग हात खाली टाकले आन् हसले बगा. लई दिसांनी हसले."

आबा भिंतीला टेकून खाली बसले. मी काकींना विचारलं, किती वाजता? त्या म्हणाल्या, घड्याळ कुनी बगितलं गं बाई. मी पण नव्हतंच बघितलं. त्यामुळे वेळ तंतोतंत जुळली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मागेपुढे असेल. तेवढीच एक फट मला राहिली आहे, आणि तिच्यातून मी किती दिवस बाहेर पडायचा प्रयत्न करते आहे.

त्यानंतर आबा तिथून हलले नाहीत. ऑपरेशन निभावलं. दुसऱ्या दिवशी नाना शुद्धीवर आले आणि आम्हाला एकेकाला आत सोडलं. सिस्टरला विनवून मी आबांच्या पाठोपाठ गेले. नाना नळ्यांत गुंडाळलेले, निम्मे झालेले. आबांना बघितलं तसे त्यांचे डोळे भरून आले. बोलता येत होतं, पण कष्टाने.

आबा पलंगापाशी गेले. इतक्या वर्षांत बोलायची सवयच गेलेली. शेवटी बाजूच्या कपाटावरची काकींची पाण्याची बाटली घेतली, टोपण काढलं, नानांच्या हातात दिली आणि त्यांच्यापुढे ओंजळ धरली.

नाना घाबरले. खरंच घाबरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, पोरीची शपथ हाय."

"मोडली ती. काल."

"कुनी मोडली?"

"तू मोडलीस. पान्यानं. मी प्यालो, आन् ती बग तितं उभी हाय, धडधाकट. घाल."

नानांना काही कळलं नाही. त्यांना आदल्या दिवसाचं काहीही आठवत नव्हतं, स्वप्न पडल्याचंसुद्धा नाही. नंतरही खोदून खोदून विचारलं, नाही आठवत म्हणाले. पण त्यांनी बाटली तिरकी केली. हाताला सुई टोचलेली, निम्मं पाणी चादरीवर सांडलं. आबांनी मान खाली घातली आणि ओंजळीतलं उरलेलं पाणी प्यायले. मग तसेच, ओले हात घेऊन, पलंगाच्या कडेवर कपाळ टेकून रडले. मी माझ्या वडिलांना रडताना त्याआधी बघितलेलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. सिस्टर रागावायला आली होती, ती दारातच थांबली.

नाना घरी आले. अजून आहेत. अशक्त आहेत, पण संध्याकाळी काठी टेकत बांधावर येतात आणि दोघे भाऊ तिथे बसून उसाच्या दरावरून कचाकचा भांडतात.

आता माझं. मी सगळं करून बघितलं. त्या दिवशी आबांचा तळहात मी टिश्यूने पुसला होता आणि तो टिश्यू पर्समध्ये ठेवला होता. वाळल्यावर त्यात काळ्या मातीचा बारीक गाळ निघाला. काळी माती इंदापूर-बारामतीत कुठे नाही? पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. मॅनेजरला कॅमेऱ्याचं विचारलं. कॅमेरा गल्ल्यावर आहे, बाथरूमकडे नाही, आणि नसावाच. म्हाताऱ्या माणसाच्या मनाने घेतलं म्हणावं, तर मनाने सदरा ओला होत नाही. आबांनीच कुठूनतरी पाणी आणलं म्हणावं, तर कुठून? आणि का? मी बाहेरून ऐकलेला तो ओतण्याचा आवाज? नवरा म्हणतो एखाद्या पाइपात साठलेलं पाणी अचानक आलं असेल. मग बेसिनवरची धूळ कशी राहिली? पबमध्ये मी त्यानंतर एकदा गेले, मुद्दाम. लायसन अजून आलेलं नाही. पाणी धो धो येत होतं, नळही पहिल्या फटक्यात चालू झाला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते. मी हात धुऊन परत आले.

शाळांतले कार्यक्रम मी अजून करते. होम पेटवते, लेबलं वाचून दाखवते, त्यात मला काही खोटं वाटत नाही. एवढंच की शेवटी पोरांनी विचारलं, "बाई, सगळ्याचंच कारण सापडतं का?" तर पूर्वी मी पटकन हो म्हणायचे, आता जरा वेळ लागतो.

परवा कळंबला गेले होते. आबा अंगणात बसले होते, नाना नुकतेच उठून गेले होते. मी पुन्हा तोच विषय काढला. म्हटलं, आबा, तुम्हाला कधी विचित्र नाही का वाटत हे सगळं? ती बाथरूम, ते पाणी, ते पाय... तुम्ही कधी विचारच करत नाही का, की हे झालं कसं?

आबांनी नानांच्या शेताकडे बोट केलं. मग म्हणाले, "त्यात काय इचित्र? तान्ह लागली व्हती, भावानं पानी दिलं. इतकी वरसं त्यो बांधाच्या पल्याड उभा असताना मी पानी मागितलं न्हाय, ते कसं झालं, त्येचं कारन मला सांग की शिकल्याली हायस तर."